देव्हाऱ्याशेजारची निळी टाइल

वेंगुर्ला,
१२ जानेवारी

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आजी, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीतली ती निळी टाइल डेल्फ्टची का गं? इथे दुकानात तश्शीच दिसली." मी नुसतं "हो" म्हटलं आणि विषय बदलला. आवाज फुटेना. रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून आज लिहायला बसले.

तुझा बाबा तेव्हा रॉटरडॅमला नोकरीला होता. तुझा जन्म व्हायचा होता. २००० साल असेल, की त्याच्या पुढचं. जानेवारी मात्र पक्का. आगगाडीने पंधरा मिनिटांत डेल्फ्टला उतरलो. कालव्याच्या कडेकडेने बर्फाची साय धरली होती. साडीच्या आत मी तुझ्या बाबाची लोकरीची विजार घातलेली, आजोबांची माकडटोपी डोळ्यांपर्यंत. (तू टोपी घालतेस ना? कान उघडे ठेवून सायकल चालवू नकोस.)

१५८४ मध्ये विल्यम राजपुत्राला ज्या वाड्यात गोळ्या घातल्या, तिथल्या भिंतीतली भोकं पाहिली. जुन्या चर्चचा कललेला मनोरा पाहिला. आत व्हर्मीर चित्रकार पुरलेला आहे. पण माझं मन रमलं ते कारखान्यात. एक बाई बशीवर काळ्या रंगाने फुलं काढत होती. मी म्हटलं, अहो, निळं कुठंय? बाबाने तिला विचारून सांगितलं, हा कोबाल्ट आहे, भट्टीत गेला की निळा होतो. ती बाई हसली आणि भाजलेली बशी माझ्या हातात दिली. अजून गरम वाटली मला, नसेलही.

मूळची ही निळाई चीनची बरं का. डचांची ईस्ट इंडिया कंपनी चिनी भांडी जहाजं भरभरून आणायची. सतराव्या शतकाच्या मध्यावर चीनमध्ये लढाया पेटल्या, माल येईनासा झाला. मग डेल्फ्टच्या कुंभारांनी आपल्याच मातीवर कथलाचा पांढरा लेप चढवून तसंच निळं काम सुरू केलं. बंद पडलेल्या बिअरच्या भट्ट्यांमध्ये त्यांचे कारखाने थाटले गेले.

त्याच कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. तिचं घर जुन्या कालव्यावर अजून उभं आहे. बाबाने ते दाखवलं आणि आजोबा तिथेच थांबले. दिवस कलला होता, साडेचारलाच दिवे लागत होते. त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा तळवा विटांवर ठेवला. मी म्हटलं, चला, गारठाल. हलेनात. बोटं लाल झाली. मग हळूच म्हणाले, "आमच्या बंदरात उतरलेले वलंदेज ह्यांचेच." वेंगुर्ल्याची वखार म्हणजे त्यांच्या लहानपणीचं खेळायचं ठिकाण. त्या पडक्या भिंतींवर चढून ते कैऱ्या खायचे. ती कुणी बांधली, हे त्यांना शाळेत कुणी धड सांगितलं नव्हतं. डच १६३७ मध्ये इथे आले, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. हे त्यांनी पुढे स्वतः वाचून काढलं.

परतताना ही टाइल घेतली. गलबताचं चित्र, कोपरा उडालेला, म्हणून स्वस्त मिळाली. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली. गवंड्याला हात लावू न देता आजोबांनी स्वतः बसवली. आता मी रोज देवाला फूल वाहते तेव्हा नजर आधी तिकडे जाते.

वखारीत आता झाडांची मुळं भिंती फोडतायत. पाटी आहे, पण देखभाल दिसत नाही. जीव तुटतो. तुलाही म्हणून सांगते, बाळा, तिथलं सगळं बघ, शीक, पण आपल्या गावातलं डोळ्याआड करू नकोस. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितेस, ते मला वाचायला जड जातं.

मे महिन्यात येशील तेव्हा पावसाआधी दोघी वखारीत जाऊ. तोवर माझं एक काम कर. त्या कालव्यावरच्या घरापाशी सायकल थांबव, हातमोजा काढ आणि भिंतीला हात लाव. विटा किती गार आहेत ते मला देवनागरीत लिहून कळव.

तुझी,
आजी