चिऱ्याखालचा ओलावा

डिचोलीतल्या एका गुरुजींच्या घरी मी गेलो तो एप्रिलात. स्पीकरमधून एकसारखी गुणगुण येत होती. अ‍ॅम्प्लिफायर बदलून झाला होता, वायरी बदलून झाल्या होत्या. गुरुजी सहज म्हणाले, “चवथीला ती ऐकूच येत नाही रे. शिगमा झाला की वाढते.”

ते ऐकलं आणि स्टिरिओला हात न लावता मी परसात गेलो.

अर्थिंगचे खड्डे दोन निघाले. एक जुन्या घराचा, तुळशीजवळ. दुसरा मागे नव्याने बांधलेल्या खोलीचा. दोन्ही एकमेकांना कुठेच जोडलेले नव्हते. अ‍ॅम्प्लिफायर नव्या खोलीत आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर जुन्या घरातल्या बोर्डावर. आमचा जांभा पावसात पाणी धरतो, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. माती सुकली की खड्ड्याचा रोध वाढतो; फ्रिजची, पंपाची बारीकशी गळती जमिनीत नीट मुरत नाही. मग दोन अर्थमध्ये फरक पडतो आणि तो सिग्नलच्या केबलीतून वाट काढतो. तीच 50 हर्ट्झची गुणगुण.

गुणगुण थांबवायला माझ्याआधी कुणीतरी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला दिला होता. या गोष्टीची मला मनापासून चीड येते. आत फॉल्ट झाला तर धातूच्या पेटीवर 230 व्होल्ट येतात, आणि पेटीला हात लावणारं माणूस घरातलंच असतं.

पिन तशीच राहू दिली. दोन्ही खड्डे तांब्याच्या जाड वायरने जोडले. मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढली: 4 चौरस मिलिमीटरची वायर, स्वतःचा 16 अँपिअरचा एमसीबी, मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. कॉम्प्युटरही त्याच लाइनवर आणला. पेडण्याकडची काही गिऱ्हाइकं यासाठी परदेशी वायर मागतात. मी नको म्हणतो. 12 मीटरवर साध्या दीडच्या वायरीतसुद्धा अ‍ॅम्प्लिफायरच्या 2 अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपासच घट येते. पण त्याच वायरीवर फ्रिज सुरू होताना 12 अँपिअर ओढू लागला तर साडेतीन व्होल्ट जातात. म्हणून लाइन वेगळी हवी. तांबं कुठल्या देशाचं, याने काही बिघडत नाही. स्क्रू मात्र मी दोनदा आवळतो.

संध्याकाळी गुरुजींनी केसरबाई केरकरांची भैरवी लावली, 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेली. जुन्या ध्वनिमुद्रणाची किरकिर होतीच, ती तिची स्वतःची. गुणगुण नव्हती. गुरुजी डोळे मिटून बसले होते, म्हणून निघताना त्यांच्या सुनेला सांगितलं: मार्च लागला की दोन्ही खड्ड्यांत आठवड्याला कळशीभर पाणी घाला.