वाचनाची जर्मन आणि लेखनाची जर्मन

परक्या भाषेच्या घराला दोन उंबरठे असतात. पहिला ओलांडला की ती भाषा वाचता येते. दुसरा ओलांडल्यावाचून तीत लिहिता येत नाही. या दोहोंमधील अंतर किती मोठे असते, याचा प्रत्यय कलकत्त्याच्या एका तरुण अध्यापकाच्या चरित्रात येतो.

सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म 1894 मध्ये कलकत्त्यात झाला. 1915 च्या एम. एस्सी. परीक्षेत ते पहिले आले, त्यांचे सहाध्यायी मेघनाद साहा दुसरे. पुढे दोघेही विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले. शिकवायचे होते नवे भौतिकशास्त्र. परंतु ते बव्हंशी जर्मन भाषेत लिहिले जात होते, आणि महायुद्धामुळे जर्मनीहून येणारी नियतकालिके बंद पडली होती. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक ब्रूल यांच्या खाजगी संग्रहातील जर्मन ग्रंथ हाच त्या काळात एक आधार होता. साहांनी ढाक्यास विद्यार्थी असतानाच जर्मनचे धडे घेतले होते. बोस यांनीही कोशाच्या आणि चिकाटीच्या बळावर ती भाषा वाचण्यापुरती हस्तगत केली.

बंगाली माणसाला जर्मन भाषा एका अंगाने परकी, तर दुसऱ्या अंगाने ओळखीची वाटावी अशी आहे. बंगालीत नामाला व्याकरणिक लिंग नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे, आणि तीही अशी की सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी! तो ग्रंथ, ती पोथी, ते पुस्तक असे बालपणापासून म्हणणाऱ्या मराठी माणसाला तीन लिंगांचे निदान नवल वाटत नाही. मात्र कोणत्या नामाला कोणते, हे त्यालाही पाठच करावे लागते. उलट, गौण वाक्यात क्रियापद अखेरीस ठेवण्याची जर्मन रीत इंग्रजाला अवघड जाते, ती बंगाली आणि मराठी कानाला सहज रुचते. संस्कृत समासांची सवय असलेल्याला जर्मनमधील लांबलचक जोडशब्दही तितकेसे भिववीत नाहीत.

या तयारीचे पहिले फळ 1920 मध्ये दिसले. सापेक्षतेवरील आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या मूळ निबंधांचा साहा आणि बोस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या ऐतिहासिक प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. व्यापक सापेक्षतेवरील निबंधाचा अनुवाद बोस यांचा होता. ज्यांची मातृभाषा जर्मन नव्हती आणि इंग्रजीही नव्हती, अशा दोन तरुणांनी एका परभाषेतून दुसऱ्या परभाषेत हे कार्य केले, ही गोष्ट अनुवादाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि तरीही दुसरा उंबरठा तसाच उभा होता. 1921 मध्ये बोस ढाका विद्यापीठात गेले. प्लांकच्या नियमाची एक सर्वस्वी नवी उपपत्ती त्यांना तेथे सुचली. ती इंग्रजीत लिहून त्यांनी 4 जून 1924 रोजी आइन्स्टाइनकडे पाठविली. सोबतच्या पत्रात, निबंधाचे भाषांतर करण्याइतकी जर्मन आपल्याला येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले; आणि त्याच पत्रात, तुमच्या निबंधाच्या अनुवादाची अनुज्ञा कलकत्त्याहून मागितली गेली होती, तो अनुवादक मीच, अशी ओळखही दिली. वरवर पाहता ही विसंगती आहे. वस्तुतः तीत प्रामाणिकपणा आहे. वाचताना लेखकाचे वाक्य वाचकाला हात देते. लिहिताना मात्र प्रत्येक पाऊल स्वतःच टाकावे लागते.

आइन्स्टाइनने तो निबंध स्वतः जर्मनमध्ये उतरविला. ‘झाइटश्रिफ्ट फ्यूर फिझिक’ या नियतकालिकात तो 1924 मध्येच प्रसिद्ध झाला. शेवटी अनुवादकाची टीप होती, आणि तीत या उपपत्तीला महत्त्वाचे पुढचे पाऊल म्हटले होते. ज्याचे लेखन बोस यांनी इंग्रजीत आणले, त्यानेच बोस यांचे लेखन जर्मनमध्ये नेले. बोस यांच्या दुसऱ्या निबंधाचेही आइन्स्टाइनने भाषांतर केले. त्यातील प्रतिपादन त्याला मान्य नव्हते, तरी भाषांतर छापून आपला मतभेद त्याने टिपेत स्वतंत्रपणे नोंदविला. अनुवादकाच्या सचोटीचा याहून चांगला नमुना शोधावा लागेल. पुढे 1976 मध्ये पहिल्या निबंधाचा जर्मनवरून पुन्हा इंग्रजीत अनुवाद झाला. मूळ ज्या भाषेत लिहिले गेले, तीतच ते असे आडवळणाने परतले.

या अनुभवाने बोस परभाषांवर रुसले नाहीत. 1924 मध्ये ते युरोपला गेले. पॅरिसमध्ये राहिले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटले. परंतु आपण दिलेली जकात पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने द्यावीच, असे त्यांना वाटले नाही. 1945 मध्ये कलकत्त्यास परतल्यावर, 1948 मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषदेची स्थापना केली. परिषदेचे ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक त्याच वर्षी निघाले. बंगालीत लोकरंजक विज्ञानच लिहिता येते, मूलगामी संशोधन नव्हे, या आक्षेपाला त्यांनी वादाने नव्हे तर कृतीने उत्तर दिले. राजशेखर बसू यांच्या नावाने 1963 मध्ये निघालेल्या विशेषांकात केवळ मूळ संशोधनपर निबंध बंगालीत छापले गेले.

मराठी वाचकाला येथे सखाराम गणेश देउस्कर आठवावेत. देवघरजवळ 1869 मध्ये जन्मलेल्या या मराठी माणसाने बंगालीचे दोन्ही उंबरठे ओलांडले, आणि 1904 मधील त्यांच्या ‘देशेर कथा’ला 1910 मध्ये सरकारी बंदीचा मान मिळाला. देउस्करांना भोवतालच्या समाजाने भाषा दिली होती. बोस यांना ती कोशातून मिळवावी लागली. म्हणून एक जण दुसऱ्याच्या भाषेत लेखक झाला आणि दुसरा तीत वाचकच राहिला. या वाचकाने आपली मर्यादा न लपविता पत्रात लिहिली, म्हणूनच त्याच्या विचाराला अनुवादक भेटला. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून जे कार्य करीत आली आहे, त्यामागेही हाच प्रश्न उभा आहे: ज्ञानासाठी परभाषा शिकणे अटळ असेल, पण ते ज्ञान स्वभाषेत परत आणण्याचे ओझे कोण उचलणार? सत्येंद्रनाथांनी ते 1974 मधील आपल्या मृत्यूपर्यंत उचलले.