गुडघ्यांचा रकाना

मुलगी लग्नानंतर ओहायोतल्या कोलंबसला राहायला गेली आणि विमान कंपन्यांची तुलना हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग होऊन बसला. चिंचवडच्या कारखान्यात जन्म काढलेला मी इंजिनिअर; तीन कोटेशनं समोर असल्याशिवाय साधा बोल्टही कधी मागवला नाही. इथे तर दोघांच्या तिकिटांचे लाखांत पैसे जाणार होते. तेव्हा रीतसर एक्सेलमध्ये तक्ता केला. एमिरेट्स, कतार, एतिहाद, लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स, टर्किश, एअर इंडिया अशा कंपन्या एकाखाली एक. समोर रकाने: जेवण, सिनेमे, कर्मचाऱ्यांची वागणूक, विमानतळावरची दुकानं, सुरक्षिततेचा इतिहास, भाडं. प्रत्येकाला दहापैकी गुण.

गुण देताना मी स्कायट्रॅक्सच्या वार्षिक क्रमवाऱ्यांचा आधार घ्यायचो. 2023 साली तिथे सिंगापूर एअरलाइन्स पहिली होती, 2024 साली कतार एअरवेज. मुंबईहून ओहायोला जाणाऱ्या माणसाने सिंगापूरच्या कंपनीला दहापैकी दहा देऊन करायचं काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला नाही. तक्ता देखणा झाला होता. रंगसुद्धा भरले होते.

बायकोने तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "अहो, यात माझे गुडघे कुठल्या रकान्यात आहेत?"

मी हसलो. हसायला नको होतं.

पहिल्या खेपेला तक्त्यात युरोपातली एक नामांकित कंपनी अव्वल आली. मुंबईहून युरोपपर्यंत सगळं तिच्या कीर्तीला साजेसं झालं. तिथून अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या गेटवर पोचलो, तर काचेपलीकडे उभ्या विमानावर भलतंच नाव. आपण गेट चुकलो असं समजून मी बायकोला पुन्हा उलटं चालवत निघालो. गेट बरोबर होतं. माझ्या तिकिटावर नंबर युरोपियन कंपनीचा होता, उडवणारी मात्र तिची अमेरिकन भागीदार कंपनी. याला कोडशेअर म्हणतात. 1997 साली स्टार अलायन्स, 1999 साली वनवर्ल्ड आणि 2000 साली स्कायटीम असे कंपन्यांचे गट उभे राहिले. एकाच विमानातल्या जागा दोन-तीन कंपन्या आपापल्या नंबराने विकतात, ही पद्धत तर आता सर्रास झाली आहे. 'ऑपरेटेड बाय' अशी ओळ तिकिटावर असतेच. ती बारीक अक्षरात असते आणि मी मोठी अक्षरं वाचून पैसे भरले होते. म्हणजे प्रवासाच्या मोठ्या टप्प्यासाठी मी ज्या कंपनीला गुण दिले, तिच्या विमानात आम्ही बसलोच नाही.

जेवणाचं तर विचारू नका. शाकाहारी जेवणाची नोंद मी युरोपियन कंपनीच्या संकेतस्थळावर केली होती. तीसुद्धा यादीतली पहिली हिरवी ओळ दिसली तिच्यावर बोट ठेवून. ती 'व्हीगन'ची निघाली. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला हवं असतं ते एशियन किंवा हिंदू व्हेजिटेरियन, ज्याचा कोड एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल, व्हीगनचा व्हीजीएमएल. म्हणून पहिल्या विमानात बायकोच्या ताटात लोणी नाही, दही नाही, चहाला दूध नाही, नुसता पाला आणि फळांचे तुकडे. दुसऱ्या विमानात नोंद पोचलीच नव्हती, कारण भागीदार कंपनीकडे आमच्या बुकिंगचा वेगळा पीएनआर असतो आणि तो मागून घेऊन तिच्याकडे पुन्हा नोंद करावी लागते. अटलांटिकवर आम्ही घरून नेलेल्या मेथीच्या लाडवांवर निभावलं. समोरच्या पडद्यावर शेकडो सिनेमे होते. त्या रकान्यात मी दहापैकी नऊ दिले होते.

आणि गुडघे. जोडविमानाच्या त्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्यावर जायला बायकोला पाऊण तास चालावं लागलं. व्हीलचेअर मागायला मीच नको म्हटलं होतं. "आपण काय म्हातारे झालो का," हे वाक्य माझं. खरं कारण असं, की व्हीलचेअरवरच्या बायकोच्या मागून चालताना ओळखीचं कोणी भेटलं तर, या विचाराने मलाच अवघड वाटत होतं. ही सेवा विनामूल्य द्यायची असते; युरोपात आणि अमेरिकेत तसा कायदाच आहे. साधारण 48 तास आधी कळवलं की झालं. बायको त्या दिवशी काही बोलली नाही. कोलंबसला पोचल्यावर दोन्ही गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या लावून बसली आणि लेकीने माझ्याकडे जे पाहिलं, ते पुरेसं होतं.

पुढच्या खेपेला आखातातली कंपनी निवडली. जाहिरातीत दुमजली एअरबस ए380 चा प्रशस्तपणा पाहिला आणि तेच विमान मिळणार असं गृहीत धरलं. मिळालं बोइंग 777. त्याच्या एका ओळीत काही कंपन्या नऊ खुर्च्या बसवतात, बहुतेक जणी आता दहा; खुर्ची जेमतेम सतरा इंचांची होते. ए350 मध्ये नऊच्या मांडणीत साधारण अठरा इंच मिळतात. ए330 मध्ये दोन-चार-दोन अशी रचना असते, म्हणजे नवरा-बायकोला खिडकीकडची जोडी मिळते आणि उठताना तिसऱ्याला उठवावं लागत नाही. हवेचंही तसंच. तुलनेसाठी सांगतो, कळसूबाई 5400 फूट. जुन्या धाटणीच्या विमानात आतल्या हवेचा दाब आठ हजार फुटांवर असावा इतका उतरू शकतो. 787 आणि ए350 मध्ये तो सहा हजारांच्या आसपास राखतात, दमटपणाही थोडा जास्त असतो. डोकं जड होण्यात याचा हात असतो. आयुष्यभर यंत्रांच्या ड्रॉइंगवर सह्या केल्या, आणि ज्या यंत्रात चौदा-पंधरा तास बसायचं त्याचं मॉडेल पाहायचं मला सुचलं नाही! बुकिंगच्या पानावर वेळेखालीच ते लिहिलेलं असतं.

पण या सगळ्या चिल्लर चुका. मोठी पुढे आहे.

जोडविमानांना कंटाळून मी ठरवलं की आता मुंबईहून थेट अमेरिका. मुंबई ते नुवर्क थेट विमान मिळत होतं. एका झोपेत अमेरिका, अशी कल्पना. तिथून पुढे कोलंबसपर्यंतचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये घेतलं तर महाग पडत होतं. देशांतर्गत कंपनीचं वेगळं घेतलं की दोघांचे मिळून पंधरा-सोळा हजार वाचत होते. मी संकेतस्थळावर 'न्यूयॉर्क ते कोलंबस' असं शोधलं, स्वस्तातलं उचललं, मध्ये साडेचार तास ठेवले आणि स्वतःवर खूश झालो. जावयालाही फोन करून ऐकवलं. त्याने विचारलं, "बाबा, एकाच विमानतळावरून आहे ना?" मी म्हटलं, "न्यूयॉर्कच आहे."

न्यूयॉर्कला मोठे विमानतळ तीन. जेएफके, लाग्वार्डिया आणि नुवर्क. आणि नुवर्क तर न्यूयॉर्क राज्यातही नाही, न्यू जर्सीत आहे. शोधणारी संकेतस्थळं तिघांना एकाच नावाखाली दाखवतात. आमचं पुढचं विमान लाग्वार्डियाहून होतं. दोघांच्या मधे हडसन नदी, अख्खं मॅनहॅटन आणि पलीकडची ईस्ट रिव्हर. लाग्वार्डिया मुख्यतः देशांतर्गत प्रवासाचा विमानतळ. परदेशातून आलेल्यांसाठी तिथे इमिग्रेशन-कस्टमची सोयच नाही, म्हणजे मुंबईहून आलेला माणूस तिथे उतरूच शकत नाही. हे कळायला नकाशा एकदा उघडणं पुरेसं होतं.

नुवर्कला विमान वेळेवर उतरलं. कंपनीला काडीचाही दोष नाही. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, सामान पट्ट्यावरून उचलावं लागतं आणि कस्टममधून काढून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. एका तिकिटावर असतो तर बाहेर पडताच बॅगा पुढच्या पट्ट्यावर टाकून मोकळे झालो असतो. आम्ही रांगेतून सुटून बॅगा गोळा करेपर्यंत निम्मा वेळ संपला होता. मग काउंटरवरच्या बाईने तिकीट पाहून शांतपणे सांगितलं की हे विमान इथून नाही. मी तिच्याशी हुज्जत घातली. घातलीच. हातातल्या कागदावर एलजीए असं स्वच्छ छापलेलं असताना.

टॅक्सीत तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा, भाजणी, गोडा मसाला, नातवासाठी पितळी खुळखुळा आणि सकाळच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकणारा रस्ता. बायकोने मॅनहॅटन पहिल्यांदा पाहिलं ते असं. विमान गेलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही 'न आलेले प्रवासी'. आधीच्या विमानाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे नवं तिकीट त्या दिवसाच्या भावाने. शिवाय प्रत्येक बॅगेचे वेगळे डॉलर, कारण आंतरराष्ट्रीय तिकिटावरची दोन-दोन बॅगांची मुभा त्या सुट्या तिकिटाला लागू नव्हती. या वेळी आठवणीने मागितलेली व्हीलचेअरही नुवर्कपर्यंतच्याच तिकिटाला जोडलेली. वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट गेले. आकडा मी घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही, आणि हा मजकूर छापून आला तर तो बायको वाचणार, म्हणून इथेही सांगत नाही.

फोनवर लेक म्हणाली, "अहो बाबा, विचारायचं तरी!" विचारलं असतं तर तक्ता करणाऱ्याची किंमत काय राहिली असती?

तक्त्यात तळाला गेलेली एक वाट मात्र आमच्यासारख्यांना खरोखर सोयीची होती, हे नंतर वहिनी जाऊन आल्या तेव्हा कळलं. अबुधाबीच्या विमानतळावर अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम 2014 च्या जानेवारीपासून तिथल्या तिथे होतं. तिथून अमेरिकेला उतरणारा माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर पडतो. पुढचं विमान त्याच तिकिटावर असेल तर बॅगा शेवटच्या गावीच घ्यायच्या. जिला अमेरिकेत आणखी एक विमान बदलायचं आहे, त्या सत्तरीतल्या बाईसाठी ही केवढी गोष्ट! मी अबुधाबीला 'खरेदीला वाव कमी' म्हणून दहापैकी चार दिले होते.

एवढं होऊनही सल्ले द्यायची खोड गेली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी छातीठोकपणे दिल्लीहून थेट जाणारं विमान सुचवलं. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी आपल्याकडची काही विमानं वाकडी वाट धरून व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. 2019 मध्येही काही महिने पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा मला हे सुचायला हवं होतं. काकू परतल्यावर जिन्यात भेटल्या. "व्हिएन्ना छान आहे म्हणतात," एवढंच बोलल्या.

आता शेवटचं, कारण यातले पैसे वाचकांना अजून मिळू शकतात. एका परतीच्या वेळी युरोपातून मुंबईला येणारं आमचं विमान यांत्रिक बिघाडामुळे सहा तास उशिरा पोचलं. कंपनीने सँडविचची कुपनं दिली, मी आभार मानून घेतली. वर्ष उलटून गेल्यावर जावई म्हणाला, "बाबा, क्लेम केला ना?" युरोपियन युनियनचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम आहे. तिथल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू. बाहेरून तिथे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. नुसत्या उशिरासाठीही भरपाई द्यायची, असं तिथल्या न्यायालयाने 2009 साली ठरवलं. साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी 600 युरो. वादळासारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं वगळली जातात, नेहमीचा यांत्रिक बिघाड सहसा नाही. आमचे बोर्डिंग पास तोवर रद्दीत गेले होते आणि तिकिटाची ईमेल मी जागा मोकळी करताना पुसून टाकली होती. तुम्ही तसं करू नका. दाव्याचा फॉर्म बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर असतो आणि तो भरायला एजंट लागत नाही.