उपविभागांची अंकयोजना

प्रबंधाची प्रकरणे पाडणे हे बुद्धीचे काम आणि त्यांना क्रमांक घालणे हे टंकलेखनिकाचे, अशी एक समजूत आपल्या विद्यापीठीय व्यवहारात रूढ आहे. वस्तुतः क्रमांक हा विवेचनातील स्थानाचा पत्ता असतो. तो चुकला की वाचक मूळ विधानापर्यंत पोचत नाही. आणि जे विधान पडताळता येत नाही, त्याला संशोधनात किंमत नाही.

ग्रंथाची अक्षरजुळणी करणाऱ्या लाटेक या संगणकीय प्रणालीत या प्रश्नाची उकल मार्मिक आहे. तेथे मोजणी आणि मोजणीचे दर्शनी रूप या दोन गोष्टी निरनिराळ्या मानल्या आहेत. विभाग बदलला की उपविभागांची मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, आणि तिचे रूप '२.१', '२.२' असे दिसते. हे रूप लेखकाला एका आज्ञेने बदलता येते. मजकुरात 'पाहा २.३' असे हाताने लिहिण्याऐवजी त्या स्थळाला एक खूणनाव दिले, की मध्ये नवा उपविभाग घातल्यावरही संदर्भ आपोआप दुरुस्त होतो.

तथापि येथेच एक खोच आहे. शीर्षक सुटसुटीत दिसावे म्हणून एखाद्याने उपविभागाचे रूप केवळ '(अ)' असे ठरविले, तर संदर्भातही नुसते '(अ)' उमटते. पाच विभागांत पाच '(अ)' असतील, तर वाचकाने कोणता पाहावा? म्हणून शीर्षकात संक्षेप ठेवला, तरी संदर्भात विभागाचा अंक राखणे अगत्याचे ठरते.

ही जाण आपल्या परंपरेला नवी नाही. वाईला केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला मीमांसाकोश १९५२ ते १९६६ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्यामागे उभे असलेले जैमिनिसूत्र म्हणजे १२ अध्याय, ६० पाद आणि सुमारे २,७०० सूत्रे. पादात सूत्रे अधिकरणांमध्ये वाटलेली असतात; पण अधिकरण बदलले तरी सूत्रांची मोजणी थांबत नाही, ती पाद संपल्यावरच पुन्हा एकापासून सुरू होते. अधिकरणाच्या मर्यादेविषयी भाष्यकारांचे मतभेद झाले, तरी सूत्राचा पत्ता त्यामुळे हलत नाही. श्रुती, लिंग आदी सहा प्रमाणांच्या बलाबलाचे सूत्र '३.३.१४' एवढ्या खुणेवर अभ्यासकाला सापडते. मोजणी कोठे तोडावी आणि कोठे अखंड ठेवावी, हा निर्णय असा शास्त्रीय असतो.

मराठीपुढे आणखी एक प्रश्न आहे. आपल्याकडे शाळेच्या तुकड्या आणि सरकारी सेवेचे गट 'अ, ब, क, ड' असे चालतात. हा क्रम इंग्रजी वर्णांची सावली आहे, वर्णमालेचा नव्हे. वर्णमालेप्रमाणे 'अ, आ, इ, ई' किंवा 'क, ख, ग, घ' असे हवे. एका योजनेत 'क' तिसरा, दुसरीत पहिला. यंत्र यांपैकी कोणताही क्रम निमूटपणे स्वीकारते. निवड मात्र त्याला करता येत नाही. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत वर्णानुक्रमाच्या शिस्तीने उभे राहिले, तेथील अभ्यासकाला तरी हा भेद क्षुल्लक वाटू नये.

स्वयंचलित दुरुस्तीचीही एक मर्यादा आहे. ती हस्तलिखिताच्या अवस्थेपुरतीच उपकारक होय. ग्रंथ प्रसिद्ध होऊन इतरांनी त्यातील '४.२' उद्धृत केल्यावर पुढील आवृत्तीत तेथे '४.३' आले, तर त्या परक्या संदर्भांना कोणतेही यंत्र सावरू शकत नाही. म्हणून मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला आराखड्याच्या वेळीच विचारावे : मोजणी कोठे नव्याने सुरू होणार, वर्णक्रम कोणता, आणि वाचक या स्थळी कोणत्या खुणेने परत येणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने आपला विषय खरोखरच विभागून पाहिला आहे, असे समजण्यास हरकत नाही.