मोत्या

मोत्याला जाऊन दोन महिने झाले. तरी त्याची जर्मनची वाटी मोरीच्या कट्ट्यावर अजून पालथीच आहे. ती उचलण्याचे काम आम्ही घरातील माणसे एकमेकांवर ढकलत असतो.

तो सापडला तेव्हा भर पावसाळा होता. मागचा पाय मोडलेला, खरजेने अंगावरचे केस गेलेले ते पिल्लू रस्त्याकडेच्या गटारात अडकले होते. पाय कायमचा अधू राहिला, केस उगवले. भीती मात्र जाईना. कोणी केरसुणी हाती घेतली की तो पलंगाखाली शिरे. मग ती दाराआड लपवून ठेवण्याचा घरात रिवाजच पडला. कोणा अनोळखी हाताने केलेले कर्ज माझ्या हाताला फेडायचे होते. सहा महिने मी वाटी ठेवून दूर बसत असे. एके दिवशी दहीभात संपवून त्याने ओले नाक माझ्या तळहातात खुपसले.

तेरा वर्षांनी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. सलाइन झाले, औषधे झाली; अखेर डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनचा विषय काढला. कागदावर सही मी केली. सुई टोचताना तो दचकला नाही; डोक्यावर माझा हात होता ना! तो विश्वास मी कमावला होता की वापरला, हे मला अद्याप उमगलेले नाही. धर्मराजाने कुत्र्यावाचून इंद्राच्या रथात चढण्यास नकार दिला. मी मात्र रिकामा पट्टा घेऊन रिक्षात बसलो.

घरी पोहोचलो, तो केरसुणी नेहमीसारखी दाराआड होती.