किती टक्के भाजली?

आमच्या काळेवाडीत कुणी भाजलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के?" ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार बहुतेक बायका. सहा जीव त्याच दिवशी गेले, आणि पुढच्या दिवसांत आकडा वाढत गेला. तेव्हाही गल्लीत चर्चा तीच, कुणाचे किती टक्के.

डॉक्टरही हा हिशेब करतात. १९६१ साली बो या फ्रेंच डॉक्टरांनी सोपं सूत्र मांडलं: वयात भाजलेले टक्के मिळवा. पुढे धुराने श्वासनलिका-फुप्फुसांना इजा झाली असेल तर आणखी १७ धरू लागले. बेरीज मोठी, तितका धोका जास्त. पण एकाच बेरजेच्या दोघांपैकी एक घरी जातो, दुसरा जात नाही. तो फरक रक्तात शोधावा लागतो.

शेजारच्या खाला स्टोव्हने भाजल्या, तेव्हा रिपोर्ट वाचायला मला बोलावलं. वय ५०, भाजलेलं ४० टक्के. डॉक्टरांनी बेरीज नव्वद सांगितली. नातेवाइकांनी ऐकलं, मरण नव्वद टक्के. घरी न्यायची भाषा सुरू झाली.

मी विचारत विचारत समजून घेतलं. भाजल्यावर बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पाण्याबरोबर अल्ब्युमिनही निघून जातं. सलाइननंतर लॅक्टेट उतरत गेलं तर ते चांगलं लक्षण. प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पडतातच; त्यानंतर चढल्या नाहीत तर काळजी. ताप आणि पांढऱ्या पेशी नुसत्या भाजण्यानेही वाढतात, म्हणून जंतुसंसर्गाचा अंदाज घ्यायला प्रोकॅल्सिटोनिनही बघतात. एकट्या आकड्यापेक्षा त्याची रोजची चाल जास्त सांगते.

सहाव्या दिवशी प्लेटलेट वर सरकल्या. मी त्यांच्या मुलाला म्हटलं, "आज अम्मीला हलवू नकोस." खाला वाचल्या. पण प्लेटलेट चढूनही नंतर संसर्गाने गेलेला एक तरुण त्याच वॉर्डात मी पाहिला.

मौतीची वेळ अल्लाहला ठाऊक, असं आमच्यात म्हणतात. मीही मानतो. म्हणूनच एका बेरजेवरून ती आपण ठरवू नये. डॉक्टरांना "वाचेल का?" विचाराच, पण सोबत हेही विचारा: "कालपेक्षा आज रक्तात काय बदललं?"