तुमच्या डेस्कटॉपवर काय पडलंय?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा अगदी सहज म्हणाला, ‘‘मॅडम, डेस्कटॉपवरच्या ‘यादी’ फाइलचा बॅकअप घेऊ ना?’’ माझ्या पोटात गोळाच आला! ‘नको नको’ म्हणत लॅपटॉप उचलला.

त्या यादीत नाइट शिफ्टमधल्या त्रासाबद्दल माझ्याशी बोललेल्या २३ मुली होत्या. नाव, पत्ता, ऑफिसचा नंबर, मोबाइल. ‘नाव कुठेही फुटणार नाही,’ असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता. तशी मी सावध हं! मूळ फाइल जीपीजीनं एन्क्रिप्ट केलेली. पण नंबर हवा असला की उघडायची आणि उघडलेली कॉपी डेस्कटॉपवर तशीच. शिवाय डिलीट केलेली फाइलही बऱ्याचदा परत मिळवता येते, हे माझ्या गावीही नव्हतं.

आयटीवाला मामेभाऊ वैतागलाच. ‘‘अगं, कपाटाला कुलूप लावतेस आणि दागिने ओट्यावर ठेवतेस! उघडी फाइल बनवूच नकोस. मेमरीत उघड, मेमरीतच वाच.’’

झालं, मास कॉमवाली मी रविवारभर पायथन घेऊन बसले. स्क्रिप्ट जेमतेम पंधरा ओळींची. जीपीजीला ‘डिक्रिप्ट’ सांगायचं, पण आउटपुट फाइलचं नाव द्यायचं नाही. मजकूर थेट स्क्रिप्टच्या हातात येतो. तो मी स्वल्पविरामांवर तोडला, चौथा रकाना म्हणजे मोबाइल, असं धरलं आणि सोमवारी सकाळी एकीला फोन लावला. पलीकडे तिच्या ऑफिसची रिसेप्शनिस्ट! ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला, तेव्हा हात थरथरत होते.

कारण? तिचा पत्ता होता ‘फ्लॅट ६, औंध’. त्यातल्या स्वल्पविरामानं पुढचे रकाने एक घर सरकले. एक्सेल अशा पत्त्याला अवतरणचिन्हं घालतं. माझ्या ‘स्प्लिट’ला ती कळत नव्हती, पायथनच्या ‘सीएसव्ही’ मॉड्यूलला कळतात. मग मजकूर ‘स्ट्रिंगआयओ’मधून त्याच्याकडे दिला आणि रकाना क्रमांकानं नाही, नावानं मागितला. आता स्क्रिप्ट हवा तेवढा एक नंबर दाखवते आणि बंद होते. मेमरीतलंही कधीकधी ‘स्वॅप’मधून डिस्कवर उतरतं, म्हणून अख्खी डिस्कही एन्क्रिप्ट केली.

मग सगळ्यांना एकेक करून, मोबाइलवरच, फोन केले आणि चूक सांगितली. एकीनं शांतपणे नाव काढायला सांगितलं. काढलं.

यादीत आता २२ जणी आहेत. तुमच्या डेस्कटॉपवर कुणाची नावं पडलीत, आजच बघाल जरा?